भिंतीवरची ढकलकाठी

माझ्या जावयाची उजव्या हाताची दोन बोटं करवतीत गेली, तेव्हा कारखान्यात सगळ्यात आधी विचारला गेलेला प्रश्न होता, "याचं लक्ष कुठे होतं?" फरशीवरचं रक्त अजून पुसलेलं नव्हतं. त्याला दवाखान्यात घेऊन निघालेली गाडी कोपऱ्यावर वळलीही नसेल. आणि इकडे माणसं एकमेकांना विचारत होती की लक्ष कुठे होतं. त्या दिवशी माझं डोकं जे तापलं ते अजून निवलेलं नाही, आणि निवावं अशी माझी इच्छाही नाही.

कारखाना माझ्या धाकट्या भावाचा. म्हणायला कारखाना, एक लांबट खोली, वर पत्रा, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि हात लावाल तिथे भुसा. आम्ही आरशांच्या आणि तसबिरींच्या चौकटी करतो. भावाला सगळे भाऊ म्हणतात, मी मोठी असून मीही भाऊच म्हणते, आणि मला सगळे ताई म्हणतात. मी खिडकीपाशी बसून तयार चौकटी घासते, पॉलिश करते. माझी लेक चौकटींचे कोपरे जोडायची. जावई करवतीच्या मशीनवर. पाचवा सुसाट. त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तोच मागे वळून बघेल की कुणाला बोलावताहेत. हात भराभर चालतात म्हणून सुसाट, आणि जीभ हातांच्याही पुढे धावते म्हणून दुप्पट सुसाट.

मशीन म्हणजे एक लोखंडी टेबल. त्याच्या मधल्या फटीतून दातेरी चकती अर्धी वर आलेली असते. फळी टेबलावर आडवी ठेवायची, बाजूच्या लोखंडी पट्टीला चिकटवायची आणि चकतीकडे ढकलत न्यायची. चकती पूर्ण वेगात फिरायला लागली की तिचे दात दिसत नाहीत. नुसता एक धुरकट गोल दिसतो, फुंकर मारली तर विरेल असा. मला ते कधीच आवडलेलं नाही. जे चावतं ते चावणारं दिसावं.

मशीन नवं आलं तेव्हा चकतीवर बसवायचं एक झाकण त्याच्यासोबत आलं होतं. काचेसारखं आरपार दिसणारं, पण न फुटणारं. त्या झाकणाच्या दांड्यालाच, चकतीच्या मागे उभी राहील अशी एक पोलादी पाती होती. चिरलेली फळी पलीकडे जाऊन पुन्हा मिटायला बघते आणि चकतीला चिमटा घेते. तसं झालं की चकती ती फळी उचलून मागे फेकते, गोफणीतून दगड सुटावा तशी, आणि ढकलणाऱ्याचा हात रिकामा होऊन पुढे जातो. पुढे काय असतं ते सांगायला नको. ती पाती फळीचे दोन भाग मिटू देत नाही. एवढंच तिचं काम, पण ते फार मोठं काम.

आता आमची अडचण अशी की चौकटीला मागून खाच लागते, काच बसायला. खाच पाडताना फळी आरपार चिरायची नसते, मग ती उभी पाती आडवी येते. ती काढायची तर झाकणही निघतं. टेबलाखाली वाकायचं, पाना घालायचा, भुशाने चिकटलेले नट फिरवायचे. काढायचा कंटाळा कुणी कधी केला नाही, कारण काढल्याशिवाय खाच पडत नव्हती. कंटाळा आला तो परत बसवण्याचा, कारण न बसवता लाकूड चिरलं जात होतं. सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. बाकी जे लोक सांगतात, नशीब, वेळ, नजर, लक्ष, ते सगळं नंतर सुचतं.

झाकण मग भिंतीला ठोकलेल्या सामानाच्या फळीवर जाऊन पडलं. आधी त्यात खिळे ठेवले जायचे. नंतर सुसाटला शोध लागला की ते उलटं धरलं तर त्यात चहाचे पेले अगदी नेमके बसतात. तेव्हापासून समोरच्या टपरीवरून चहा त्यातून येऊ लागला. मी बोलले होते. तर सुसाट म्हणाला, "ताई, चहाचा एक थेंब सांडत नाही बघा. सुरक्षा म्हणजे आणखी काय असतं?" सगळे हसले. जावईही हसला. माझ्या हातातही पेला होताच.

लाकूड ढकलायला हातात एखादी काठी घ्यावी, बोटं चकतीपासून लांब राहतील, हे सगळ्यांना माहीत होतं. काठ्या होत्याही. उरल्यासुरल्या तुकड्यांच्या. पण त्यातली एक सरस ढवळायला जायची, एक खिडकीला टेकू म्हणून लागायची, बाकीच्या केरात जायच्या. काठी शोधायला जाईपर्यंत दोन पट्ट्या चिरून होतात. मग अंगठा आणि दोन बोटं हीच काठी.

तर त्या दिवशी बारीक पट्ट्या चिरण्याचं काम होतं. झाकण नाही, मागची पाती नाही, हातात काठी नाही. पट्टीने चकतीला चिमटा घेतला आणि ती सुटली. दारापाशी जाऊन पडली. पट्टीवर ठेवलेला हात होता तिथेच राहिला असता तर बरं, पण जोर लावलेला हात थांबतो थोडाच.

डॉक्टरांनी एक बोट पेरापर्यंत वाचवलं, मधलं निम्म्याहून गेलं. मी दवाखान्यात गेले तर जावई पांढऱ्या गाठोड्यासारखा हात छातीवर धरून पडला होता आणि मला बघून म्हणाला, "आई, माझंच चुकलं. लक्ष नव्हतं." म्हणजे तो प्रश्न माझ्याआधी तिथे पोचला होता. ज्याची बोटं गेली त्याच्या तोंडूनही तेच वदवून घेतलं लोकांनी. आजारी माणसाला काय बोलणार. बाहेर येऊन बाकावर बसले.

लक्ष म्हणजे काय खांबाला बांधलेली गाय आहे, की कायम जागेवर सापडेल? माणसाला शिंक येते, कुणी हाक मारतं, पोटात कळ येते, लेकराची आठवण येते. झाकण म्हणूनच असतं की लक्ष जाणार हे ते बनवणाऱ्याला ठाऊक होतं. आम्ही झाकणातून चहा प्यायलो आणि लक्षाला धारेवर धरलं.

भाऊ वाईट माणूस नाही, हे लिहायलाच हवं. जावई दवाखान्यात होता तेवढे दिवस त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. जावई घरी आला त्या दिवशी भाऊने स्वतः वाकून झाकण बसवलं, सगळ्यांना बोलावून दाखवलं आणि सांगितलं की आजपासून हे निघणार नाही. पुढच्याच खाचेच्या कामाला ते निघालं. काढणारा तोच होता. "तेवढी खाच मारून घेतो," म्हणाला. परत बसलं नाही. चहा मात्र पुन्हा त्यातून आला नाही. एवढी लाज शिल्लक होती.

मशीनवर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. सुसाट नुसता तोंडाने शूर. तो म्हणाला, मी दहा कामं करीन पण चकतीपाशी आता माझे पाय वळत नाहीत. भाऊच्या डोळ्यांना बारीक रेघ दिसत नाही. मग माझी लेक म्हणाली, "मी उभी राहते. यांची जागा यांची तब्येत सुधारेपर्यंत मी सांभाळीन." नवऱ्याच्या शेजारी उभं राहून ती सगळं शिकलेली होती, आणि खरं सांगायचं तर तिचा हात नवऱ्यापेक्षाही सरळ चालतो. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "आई, एकदा झालं म्हणजे रोज होतं का?"

रोज होत नाही. म्हणूनच तर कुणी सुधारत नाही. रोज झालं असतं तर पहिल्या आठवड्यातच झाकण बसलं असतं.

तेव्हापासून मी खिडकीपाशी बसून चौकटी घासत होते, पण माझे डोळे चौकटीवर नव्हते. ते तिच्या बोटांवर होते. दहाच्या दहा बोटांवर. ती पट्टी ढकलायची, धुरकट गोलाच्या अगदी जवळून तिचं बोट पुढे जायचं आणि मी श्वास धरायचे.

आणि मग भाऊने ती काठी आणली.

किती दिवस तो संध्याकाळी घरी जाऊन कशात तरी गुंतलेला होता, हे मला वहिनीकडून कळलं होतं. एके दिवशी सकाळी तो कापडात गुंडाळून काहीतरी घेऊन आला आणि सगळ्यांसमोर उघडलं. अक्रोडाच्या लाकडाची ढकलकाठी. अक्रोडाचा तो तुकडा त्याने वर्षानुवर्षं जपून ठेवला होता, काहीतरी खास करायचं म्हणून. मूठ अशी घडवलेली की हात आपोआप तिच्यात जाऊन बसावा. पुढच्या टोकाला लाकूड धरायला खाच, मागे माशाच्या शेपटीसारखा झोक. लाकडाच्या रेषा मुठीभोवती पाण्यासारख्या वळलेल्या. पॉलिशला त्याने माझाही हात लागू दिला नव्हता. आत दिवा असावा तशी ती काठी चमकत होती.

"त्याच्यासाठी," भाऊ जावयाकडे बघून म्हणाला. "आता इथे कुणाच्या बोटाला धक्का लागणार नाही."

जावई तेव्हा नुकताच कामावर यायला लागला होता, डाव्या हाताने चौकटी कागदात गुंडाळायला. त्याने काठी हातात घेतली. उजव्या हाताची मूठ पुरी वळेना, म्हणून डाव्या हातात घेतली. बराच वेळ बघत राहिला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुसाटचीही जीभ एकदाची थांबली. माझंही मन भरून आलं, नाही कशाला म्हणू.

भाऊने मशीनच्या मागच्या भिंतीवर तिच्यासाठी पितळी खुंटी ठोकली आणि ती टांगली. आणि ती तिथेच राहिली.

झालं काय की सुसाटने पहिल्याच दिवशी, काठी आहे म्हणून धीर करून, एक फळी चिरायला ती हातात घेतली, चकतीकडे बघितलं, काठीच्या टोकाकडे बघितलं, आणि परत टांगली. म्हणाला, "भाऊ, हिला एक दात लागला तर मला रात्री झोप येणार नाही." ढकलकाठीला दात लागतातच. तिचं टोक चकतीवरून जातं, चावे खातं, आपल्याऐवजी खातं, म्हणून ती असते. पण त्या काठीकडे बघून कुणाचं धाडस होईना. लेक ती सकाळी मऊ फडक्याने पुसायची, खुंटीला लावायची आणि उघड्या बोटांनी लाकूड ढकलायला लागायची. गिऱ्हाईक आलं की भाऊ त्याला काठी दाखवायचा. गिऱ्हाईक हातात घेऊन वा वा करायचं. आणि दोन पावलांवर माझी लेक चकतीपाशी बोटं नाचवत असायची.

लाकडावर जीव असलेल्या माणसांनाच ही चूक जमते. दुसऱ्या कुणी केली असती अशी मूर्खपणाची चूक, तर आम्हीच हसलो असतो.

मी लेकीला घरी सांगून बघितलं. ती म्हणाली, मामाने एवढ्या मायेने केलीय, ती मी चकतीला चावू देऊ? मी म्हटलं, मग तो तुझी बोटं चावलेली बघेल. तर ती म्हणाली की मी अभद्र बोलते, आणि ताट सरकवून उठून गेली. सुसाटला बोलले तर तो म्हणाला, "ताई, ती काठी नाही, दागिना आहे. दागिना घालून कुणी भांडी घासतं का?" जावयाशी बोलायची मला हिंमत झाली नाही.

एका दुपारी लेक तशाच बारीक पट्ट्या चिरत होती. तशाच म्हणजे त्या दिवशी होत्या तशाच. मी बघत होते. पट्टी संपत आली तसं तिचं बोट बाजूची लोखंडी पट्टी आणि चकती यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरलं, आणि बाहेर आलं. पुन्हा शिरलं, बाहेर आलं. मी हातातला पॉलिशचा बोळा खाली ठेवला, उठले आणि मशीनपाशी गेले. तिला म्हटलं, सर. माझा आवाज असा काही असेल की ती सरली. मी भिंतीवरची काठी काढली, तिच्यापुढची पट्टी काठीच्या टोकात धरली आणि ढकलली, पार चकतीच्या पलीकडे. काठीच्या नाकाचा एक लचका गेला. आवाज बदलला, जळक्या अक्रोडाचा वास आला. पट्टी चिरून पलीकडे पडली. मी मशीन बंद केलं.

गलका झाला. सुसाट डोक्याला हात लावून "ताई, ताई" करत राहिला. लेक तोंडावर हात धरून उभी. मी सांगते, जावयाच्या वेळीही एवढा गलका झाला नव्हता. भाऊ बाहेरून आला. त्याने माझ्या हातातून काठी घेतली आणि तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला, पोर पडल्यावर त्याच्या गुडघ्यावरून फिरवावा तसा. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "आता ही वापरायची झाली. आता वापरा."

त्याने ती कापडात गुंडाळली आणि घेऊन गेला.

त्यानंतर भाऊ माझ्याशी बोलेना. काही सांगायचं असलं तर सुसाटला सांगायचा आणि मी हातभर अंतरावर असताना सुसाट मला सांगायचा, "भाऊ म्हणतात, आरशाची मोठी चौकट आज झाली पाहिजे." मी म्हणायचे, भाऊंना सांग, होईल. लेकही घरी माझ्याशी मोजकंच बोलायची. मामाचं मन मोडलं म्हणायची. मन मोडतं आणि जुळतं. बोट मोडलं तर गोष्ट वेगळी, पण मी ती पुन्हा काढली नाही. अभद्र म्हणाली असती.

आठवडाभराने मी कामावर गेले तर काठी खुंटीवर. अख्खी. मी जवळ जाऊन बघितली. भाऊने लचका गेलेल्या जागी दुसरा तुकडा बसवला होता. रेषेला रेष जुळवून, पॉलिशला पॉलिश. जोड कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं, डोळ्यालाही जेमतेम. आता ती नुसती सुंदर काठी नव्हती, मरता मरता वाचलेली काठी होती. तिला आता कोण हात लावणार?

मी सरळ भाऊच्या टेबलापाशी गेले. सुसाट दोघांच्यामध्ये निरोप घेऊन धावायला तयारच होता, त्याला म्हटलं तू जरा चहाचं बघ.

"भाऊ, ही काठी कशासाठी केलीस?"

त्याने रंधा चालवणं थांबवलं नाही. म्हणाला, "तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे का, ते विचारतेय."

रंधा थांबला. त्याने रंध्यातून निघालेलं सालपट बोटाने बाजूला केलं. मग म्हणाला, "ताई, त्याची बोटं मला परत आणता येत नाहीत. मला लाकूड येतं. जे येतं ते केलं."

या वाक्यावर कुणीही विरघळलं असतं. मीही विरघळले असते, पण मागे मशीन चालू होतं आणि त्याचा आवाज माझ्या कानात होता.

मी म्हटलं, "मग ती भिंतीवर का आहे?"

"लोक वापरत नाहीत, त्याला मी काय करू?"

"दात लागला की तुझं तोंड कसं होतं ते लोकांनी बघितलंय. तोंडाने म्हणतोस वापरा, आणि ओरखडा आला की घरी नेऊन मलमपट्टी करतोस. काठीची जखम आठवड्यात दिसेनाशी केलीस. माझ्या जावयाच्या हाताचं तेवढं जमलं नाही तुला. आणि आता तिथे माझी पोर उभी आहे."

"फार लागेल असं बोलतेस तू."

"लागावं म्हणूनच बोलते."

त्याने रंधा पुन्हा उचलला. मी वळले तर जावई मागेच उभा. हातात गुंडाळलेली चौकट, ती ठेवायला आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. माझी मान खाली गेली, त्याच्या हाताचं नाव असं हत्यारासारखं वापरल्याबद्दल. त्याने चौकट ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर जावई आधीच आलेला होता. माल येतो त्या खोक्याची एक खडबडीत फळी घेऊन, ती गुडघ्याखाली दाबून, हातकरवतीने कापत बसला होता. डाव्या हाताने. करवत सरळ चालत नव्हती, फळी सरकत होती. लेक मदतीला गेली तर त्याने मानेनेच नको म्हटलं. कापून झाली तेव्हा ती काठी म्हणजे काय वर्णावं. एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक, कडांना कुसळं, मधोमध खोक्यावर छापलेला बाण. टोकाला त्याने कशीबशी खाच पाडली आणि मुठीपाशी मोठं भोक पाडलं.

मग तो मशीनपाशी गेला. मशीनचं चालू करायचं बटण पुढच्या बाजूला, टेबलाच्या खाली, एका लाकडी पाटीवर आहे. त्याच्या बरोब्बर वर त्याने एक खिळा ठोकला आणि भोकातून काठी त्यावर अडकवली. काठी बटणावरून खाली लोंबायला लागली. बटण झाकलं गेलं.

सुसाट म्हणाला, "अहो, आता बटण दाबायचं कसं?"

"काठी काढून," जावई म्हणाला.

"आणि काढलेली काठी ठेवायची कुठे?"

"कुठेही ठेव. पण ती हातात आलेली असेल. हातातली वस्तू ठेवायला जागा शोधण्यापेक्षा माणूस ती वापरून टाकतो. आजवर आपला आळस चकतीच्या बाजूने होता. आता आपल्या बाजूने राहील."

सुसाटला राहवलं नाही. म्हणाला की हे सगळं खरं, पण शेवटी माणसाचं लक्ष हवंच. मी तोंड उघडणार होते, पण जावईच बोलला. आवाज चढवला नाही.

"लक्ष होतं माझं. पूर्ण लक्ष होतं. पट्टी सरळ जावी म्हणून पट्टीवर होतं. काम करणाऱ्याचं लक्ष कामावरच असतं रे. बोटांवर लक्ष ठेवून कुणी काम करतं का?"

दवाखान्यात जे तो माझ्याजवळ बोलला होता ते त्याने आज सगळ्यांसमोर परत घेतलं. मला रडू आलं नाही, संतापच आला. एवढं साधं उत्तर द्यायला त्या पोराला किती दिवस लागले, आणि आम्ही ते लागू दिले.

लेकीने त्या दिवशी वैतागतच काठी खिळ्यावरून काढली. एक हात अडकला म्हणून कुरकुरली. पण काठी हातात होती आणि पट्टी समोर होती. तिने ती काठीने ढकलली. मग पुढची. काठीला दात लागला तर तिने ढुंकूनही बघितलं नाही; खोक्याची फळी ती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टोक उंदराने कुरतडल्यासारखं झालं होतं. मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी चौकटीकडे बघून चौकट घासली.

झाकणाचं म्हणाल तर तेही त्याच रस्त्याने गेलं. जावई म्हणाला, पान्याचे नट काढून टाका, बोटांनी फिरवता येतात ते कान असलेले नट लावा, वाकायला नको, पाना शोधायला नको. भाऊ म्हणाला आणतो. दोन दिवस गेले, भाऊ म्हणाला आज आणतो. तिसऱ्या दिवशी मीच हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि घेऊन आले. आता खाच मारून झाली की झाकण आणि पाती बहुतेक वेळा परत बसतात. रोज बसतात असं मी म्हणणार नाही, आणि फार बारीक पट्टी असली की झाकण आड येतं हेही खरं. पण जेव्हा बसत नाही तेव्हा मी बोलते, आणि माझं बोलणं ऐकून घेण्यापेक्षा नट फिरवणं आता सोपं आहे.

मला राग याचा येतो की बोटं गेली, रक्त सांडलं, लेक रडली, शपथा झाल्या, त्यातल्या कशानेही कुणाचा हात काठीकडे वळला नाही. एक खिळा वीतभर जवळ आला आणि वळला. म्हणजे आम्ही माणसं कशाने सुधारतो? बरं झालं म्हणून आनंद मानावा तर हा प्रश्न घशात अडकतो. तो खिळा आधी कुणी का नाही ठोकला? कुणालाच अवघड नव्हतं. भाऊला तर डोळे मिटून जमलं असतं. पण तो अक्रोड कोरत बसला.

खोक्याची काठी पंधरवड्यात मोडकळीला आली. सुसाटने ती केरात टाकली, कुणी हळहळलं नाही. त्या दुपारी मी बघितलं, भाऊ केराच्या पाटीपाशी वाकला होता. त्याने ती मोडकी काठी उचलली आणि खिडकीपाशी, माझ्याजवळ, उजेडात आणली. तिच्या टोकावर चाव्यांच्या खुणा होत्या, एकावर एक, मोजता येऊ नयेत इतक्या. भाऊ त्या बघत राहिला. प्रत्येक खूण कुठे लागली असती ते त्याला दिसत असावं, कारण त्याचा चेहरा उतरत गेला. कधी नव्हे ते मला बोलायची गरज वाटली नाही.

त्याने खोक्याची दुसरी फळी घेतली आणि नवी काठी कापायला बसला. माझ्याच बाकड्याच्या टोकाला. झरझर कापली, खाच पाडली, भोक पाडलं. जावयाच्या काठीपेक्षा नीट झाली होती, हात त्याचा. मला वाटलं आता उठेल आणि खिळ्याला लावून येईल. तर त्याचा हात सवयीने माझ्या डब्याकडे गेला, त्यातला बारीक पॉलिशपेपर त्याने काढला, आणि मुठीची कड घासायला लागला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. मग काठी उजेडात धरून तिची रेष बघायला लागला.

मी त्याच्या हातातून पॉलिशपेपर काढून घेतला.

"नुसती कड तरी मारू दे, ताई," भाऊ म्हणाला. "पोरीच्या हाताला टोचेल."

"टोचू दे," मी म्हटलं.